लॅपटॉपचे पोर्ट : दोष शोधण्याची रीत

लॅपटॉप चार्ज होत नाही, चार्जरची तार एका विशिष्ट कोनात धरली तरच दिवा लागतो, पेन ड्राइव्ह लावला तर यंत्राला तो दिसतच नाही, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांची ये-जा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर आणि बंगळूरच्या एस. पी. रोडवर वर्षभर चालू असते. बहुतेक जण आल्या आल्या निदानही सांगून टाकतात : पोर्ट गेला. पुष्कळदा हे निदान खरे नसते. भिंतीवरील सॉकेटपासून बॅटरीपर्यंत विजेला जो प्रवास करावा लागतो, त्यात चार्जर, केबल, पोर्ट, पोर्टमागील नियंत्रक चिप, चार्जिंगचे मंडल आणि शेवटी बॅटरी अशी एकामागून एक ठाणी लागतात. यांपैकी कोणत्याही ठाण्यावर अडथळा आला तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते. पोर्ट ही या मार्गावरील डोळ्यांना दिसणारी आणि हाताला लागणारी जागा असल्यामुळे दोष तिच्या माथी मारला जातो, एवढेच.

निदान चुकले तर होणारे नुकसान केवळ पैशाचे नसते. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये माहितीचा साठा मदरबोर्डवरच सोल्डरने पक्का बसविलेला असतो. मदरबोर्डला वीज मिळेनाशी झाली, की विद्यार्थ्याचा प्रबंध, दुकानदाराचे हिशेब, घरची छायाचित्रे हे सारे आत शाबूत असूनही कोणाच्या हाती लागत नाही. म्हणून चार्जिंगविषयी पहिली शंका येताच बॅटरीत उरलेली शक्ती प्रयोग करण्यात घालवू नये. प्रथम महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर किंवा इंटरनेटवरील साठ्यात उतरवून घ्याव्यात आणि मगच दोषाच्या मागे लागावे. पुढे वर्णन केलेली प्रत्येक कृती यानंतरची आहे.

पोर्टच्या आत काय असते

जुन्या संगणकाच्या पाठीमागे कळफलकासाठी एक, माउससाठी दुसरी, छपाईयंत्रासाठी तिसरी अशा वेगवेगळ्या आकारांच्या जोडण्या असत. हा पसारा आवरण्यासाठी यूएसबी या मानकाची पहिली आवृत्ती १९९६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. इंटेल कंपनीतील ज्या गटाने या कामी पुढाकार घेतला त्याचे नेतृत्व करणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर होत. त्या चपट्या, आयताकृती जोडणीत मुळात चारच संपर्क-पट्ट्या होत्या : दोन ५ व्होल्ट विजेसाठी आणि दोन माहितीसाठी. प्लगमध्ये बारकाईने पाहिले तर विजेच्या पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षा किंचित पुढे आलेल्या दिसतात. प्लग आत सरकताना आधी वीज पोहोचावी आणि मग माहितीची देवाणघेवाण सुरू व्हावी, हा त्यामागील हेतू.

२००८ साली यूएसबी ३.० आले तेव्हा त्याच आकारात आणखी पाच पट्ट्या बसविण्यात आल्या. मात्र त्या अधिक खोलवर होत्या. यातून एक गमतीदार दोष निर्माण झाला. वेगवान डिस्कचा प्लग फार सावकाश किंवा अर्धवट बसविला, तर जुन्या चार पट्ट्यांवरच ओळख पटून जाते आणि सेकंदाला ५०० कोटी बिट या गतीऐवजी ४८ कोटी बिट या जुन्या गतीने काम चालू राहते. मालकाला वाटते डिस्क मंदावली. प्लग काढून एका दमात पुरता आत बसविला, की हा दोष नाहीसा होतो.

लॅपटॉपच्या चार्जिंगसाठी मात्र दीर्घकाळ गोल, नळीसारखा प्लग वापरला जात असे, आणि आजही असे लाखो चार्जर वापरात आहेत. त्यांतून साधारणपणे १९ ते २० व्होल्टचा स्थिर दाब मिळतो. काही कंपन्यांच्या प्लगच्या मध्यभागी एक बारीक सुई असते. ती वीज वाहून नेत नाही. चार्जर कोणता व किती वॉटचा आहे, एवढेच ती लॅपटॉपला कळविते. ही सुई वाकली किंवा तिची तार तुटली तर लॅपटॉप चालू होतो, पण बॅटरी चार्ज होत नाही. असे लक्षण दिसले तर बॅटरी बदलण्यापूर्वी त्या सुईकडे पाहावे.

२०१४ साली टाइप-सी ही जोडणी आली आणि वीज व माहिती एकाच लहानशा दारातून जाऊ लागली. भारतीय मानक ब्यूरोने तिच्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक प्रसिद्ध केले. युरोपीय संघाने लॅपटॉपच्या बाबतीत ही जोडणी सक्तीची करण्यासाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. या दारात २४ संपर्क-पट्ट्या असून लगतच्या दोन पट्ट्यांतील अंतर अवघे अर्धा मिलिमीटर असते.

टाइप-सीचे खरे वेगळेपण मात्र पट्ट्यांच्या संख्येत नाही. दोन्ही टोकांना टाइप-सी प्लग असलेली केबल चार्जरला जोडून चार्जर भिंतीवर लावला, तरी तिच्या मोकळ्या टोकाला वीज नसते. पलीकडे वीज घेणारे कोणी आहे याची खूण पटल्याशिवाय चार्जर ५ व्होल्टसुद्धा सोडत नाही. ही खूण म्हणजे लॅपटॉपमधील ५.१ किलो-ओहमचा एक रोधक. सीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पट्टीवरून चार्जरला त्याचे अस्तित्व जाणवते. मग ५ व्होल्टचा दाब येतो आणि त्याच सीसी पट्टीवरून दोन्हीकडील चिप एकमेकींशी बोलू लागतात. आपण काय काय देऊ शकतो हे चार्जर सांगतो. त्यातून आपल्याला काय हवे ते लॅपटॉप मागतो. सौदा ठरला की दाब ९, १५ किंवा २० व्होल्टपर्यंत चढतो. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार तो ४८ व्होल्टपर्यंत आणि एकूण शक्ती २४० वॉटपर्यंत जाऊ शकते. ३ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह न्यायचा असेल तर केबललाही स्वतःची ओळख देणारी चिप लागते. ती नसेल तर २० व्होल्टचा चार्जर १०० वॉटचा असला तरी ६० वॉटच्या पुढे जात नाही.

म्हणजेच जुन्या चार्जरमध्ये वीज न पोहोचण्याचे कारण बहुधा तुटलेली तार हे असे. टाइप-सीमध्ये सर्व तारा धडधाकट असूनही केवळ संभाषण फिसकटल्यामुळे वीज अडू शकते.

बाहेरून आत

दोष शोधण्याचा क्रम नेहमी बाहेरून आत असावा आणि एका वेळी एकच वस्तू बदलावी. चार्जर आणि केबल दोन्ही एकदम बदलून लॅपटॉप चालू झाला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही आणि चांगली वस्तू वाईट वस्तूबरोबर फेकली जाते. भिंतीवरील सॉकेटमध्ये दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे. एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये असेल तर तो वगळावा. त्यानंतर चार्जर, त्यानंतर केबल. केबलकडे लोक फार दुर्लक्ष करतात. दिसायला सारख्या असलेल्या दोन टाइप-सी केबलींपैकी एक १०० वॉट आणि वेगवान माहिती वाहून नेणारी, तर दुसरी केवळ मोबाइल चार्ज करण्यापुरती असू शकते. बाजारात अशाही यूएसबी केबल मिळतात की ज्यांत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. त्यांच्यावर पोर्टची परीक्षा घेणे म्हणजे मुक्या माणसाकडून साक्ष काढण्यासारखे आहे.

मोबाइलचा साधा ५ व्होल्टचा चार्जर लावून ‘लॅपटॉपचा पोर्ट चालत नाही’ असा निष्कर्ष काढणारेही पुष्कळ असतात. तसेच प्रत्येक टाइप-सी पोर्ट वीज घेतोच असे नाही. काही लॅपटॉपमध्ये दोनांपैकी एकच पोर्ट चार्जिंगसाठी असतो. त्याच्या शेजारी विजेची खूण किंवा प्लगचे चिन्ह कोरलेले असते.

एका तक्रारीत तर कोणताच दोष नसतो. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबते आणि चार्जर जोडलेला असूनही चार्जिंग होत नसल्याचा मजकूर पडद्यावर येतो. लिथियम बॅटरी सतत पूर्ण भरलेली ठेवल्यास लवकर झिजते, म्हणून अनेक कंपन्या ही मर्यादा मुद्दाम घालतात. कंपनीच्या सेटिंग्जमध्ये ती शोधावी.

आता मीटरकडे वळू. चार्जर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये लावता येणारे, दाब व प्रवाह दाखविणारे टाइप-सी मीटर आज सहज मिळते, आणि दुरुस्तीच्या दुकानात निदानाचे निम्मे काम तेच करते. मीटरवर काहीच आकडा नसेल तर चार्जर मृत आहे, किंवा लॅपटॉपच्या अस्तित्वाची खूणच त्याला पटलेली नाही. आकडा ५ व्होल्टवर अडकून राहिला तर खूण पटली, पण सौदा ठरला नाही. अशा वेळी चार्जर किंवा सीसीमागील नियंत्रक चिप यांवर संशय घ्यावा. दाब २० व्होल्टपर्यंत चढला, परंतु प्रवाह शून्याच्या आसपास राहिला, तर पोर्टने आपले काम चोख केले आहे. दोष त्याच्या पलीकडे, चार्जिंगच्या मंडलात किंवा बॅटरीत आहे. बॅटरी आधीच भरलेली नाही ना, एवढे पाहून घ्यावे. या तीन आकड्यांतील फरक ज्याला कळला त्याला ‘पोर्ट बदलावा लागेल’ असे कोणी परस्पर सांगू शकत नाही.

मीटर नसले तरी टाइप-सीच्या बाबतीत एक बिनखर्चाची परीक्षा उपलब्ध आहे. हा प्लग उलटसुलट कसाही बसतो, कारण सीसीची पट्टी पोर्टमध्ये दोन बाजूंना एकेक असते आणि वेगवान माहितीच्या पट्ट्यांचेही दोन संच असतात. प्लग उलटा करून लावल्यावर चार्जिंग सुरू झाले तर चार्जर निर्दोष आहे, लॅपटॉपची चिपही निर्दोष आहे, आणि दोष पोर्टच्या किंवा प्लगच्या एका बाजूच्या पट्टीवर आहे हे जवळजवळ सिद्ध होते. बाहेरची डिस्क एका बाजूने वेगात आणि दुसऱ्या बाजूने संथ चालत असेल तर तोच तर्क वेगवान पट्ट्यांना लागू पडतो. पोर्ट खराब की केबल, हे मग दुसरी केबल लावून ठरते. गोल प्लगला ही सोय नाही. तेथे मल्टीमीटरने प्लगवरील दाब मोजावा लागतो, आणि भार नसताना १९ व्होल्ट दिसले म्हणून चार्जर निर्दोष ठरत नाही. आतून तुटत आलेली तार प्रवाह मागताच कोसळते.

कचरा, ओल आणि उष्णता

प्लग पूर्वीसारखा ‘टक’ असा आवाज करून बसत नसेल, सैल वाटत असेल किंवा त्याचा थोडा भाग बाहेर राहत असेल, तर पोर्ट झिजला असे समजण्याआधी टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. पिशवीतला कापसाचा बारीक तंतू आणि धूळ प्रत्येक वेळी प्लगसरशी आत ढकलली जाते आणि तळाशी तिचा घट्ट थर बसतो. राजस्थानातील वाळू असो की गिरणगावातील तंतू, परिणाम एकच. टाइप-सीचा पोर्ट सुमारे १०,००० वेळा प्लग घालण्या-काढण्यास पुरावा अशा बेताने आखलेला आहे. दिवसातून चार वेळा प्लग लावला तरी ही संख्या गाठायला सहा वर्षांहून अधिक काळ लागेल. तेव्हा वर्षा-दोन वर्षांतच सैल झालेल्या पोर्टबाबत पहिला संशय कचऱ्याचा घ्यावा.

साफसफाई करताना लॅपटॉप बंद असावा, चार्जर काढलेला असावा आणि हाती लाकडी किंवा प्लॅस्टिकची बारीक काडी असावी. टाचणी, सुई, सेफ्टी पिन यांना येथे पूर्ण मज्जाव आहे. पोर्टच्या मधोमध जी पातळ जीभ असते तिला धातूचे टोक लागून एखादी पट्टी वाकली, तर कचऱ्याचा किरकोळ दोष मदरबोर्डच्या दुरुस्तीवर जातो. तोंडाने फुंकर मारण्याची सवयही वाईट, कारण फुंकरीबरोबर ओल जाते. चिकट मळ असेल तर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा किंचित थेंब ब्रशला लावून पट्ट्या पुसाव्यात आणि ते पूर्ण उडून जाईपर्यंत थांबावे. हात धुण्याच्या सॅनिटायझरमध्ये पाणी व इतर चिकट द्रव्ये असतात. ते वापरू नये.

ओल ही कचऱ्यापेक्षा कपटी. कोकण, गोवा, केरळ किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावरील खारी हवा, त्यात पावसाळा, आणि दोन पट्ट्यांमध्ये विजेचा दाब हे तिन्ही एकत्र आले की धातू गंजू लागतो आणि पट्ट्यांवर हिरवट किंवा काळपट डाग पडतात. टाइप-सीमध्ये वीज वाहणाऱ्या पट्टीला अगदी लागूनच सीसीची नाजूक पट्टी असते. ओलीने किंवा धातूच्या कणाने त्या दोन जोडल्या गेल्या, तर ज्या चिपने थोड्या व्होल्टमध्ये बोलायचे तिच्यावर २० व्होल्ट येऊन आदळतात. चांगल्या लॅपटॉपमध्ये यावर संरक्षक चिप असते, सगळ्यांत नसते. म्हणून चहा सांडला किंवा पिशवी भिजली, तर ‘चार्ज होते का पाहू’ म्हणून लगेच प्लग लावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय.

प्लग गरम होणे हेही दुर्लक्ष करण्याजोगे लक्षण नव्हे. ६५ वॉटच्या चार्जरमधून २० व्होल्टला ३.२५ अँपिअर प्रवाह जातो. मळलेल्या संपर्काचा रोध समजा ०.१ ओहम झाला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या नियमाने त्या इवल्याशा जागी १ वॉटहून थोडी अधिक उष्णता सतत निर्माण होते. त्या उष्णतेने पट्टीचा ताण जातो, ताण गेल्याने रोध वाढतो आणि रोध वाढल्याने उष्णता आणखी वाढते. बोटाला चटका बसेल इतका प्लग तापत असेल किंवा प्लॅस्टिक तपकिरी पडले असेल, तर तो प्लग आणि तो पोर्ट यांचा वापर तेथेच थांबवावा.

धातूचे आवरण असलेल्या लॅपटॉपवर हात ठेवल्यास मुंग्या आल्यासारखे वाटते, अशी तक्रार आपल्या देशात बरीच ऐकू येते. तिचे मूळ सहसा पोर्टमध्ये नसते. चार्जरमधील एका लहान धारित्रातून अगदी क्षीण प्रवाह झिरपत असतो; तो अर्थिंगमधून जमिनीत जावा अशी अपेक्षा असते. घराच्या सॉकेटला अर्थिंग नसेल, किंवा चार्जर दोन पिनांचा असेल, तर तो आवरणावर जाणवतो. काही वेळा याच कारणाने टचपॅडही भरकटतो. झटका जोराचा असेल तर चार्जर बदलावा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

माहितीचा पोर्ट मुका झाला तर

येथे पहिला प्रश्न असा विचारावा : एक पोर्ट बंद आहे, की एका बाजूचे सगळे? अनेक लॅपटॉपमध्ये एका कडेचे पोर्ट छोट्या वेगळ्या पटलावर असतात आणि ते चपट्या रिबन केबलने मदरबोर्डला जोडलेले असते. त्या कडेचे सगळे पोर्ट एकदम बंद पडले तर ती केबल निखळली असण्याचा संभव मोठा. तिची दुरुस्ती स्वस्तात होते. एकच पोर्ट बंद असेल तर त्याच्या पट्ट्या पाहाव्यात. सगळ्याच कडांचे पोर्ट बंद असतील तर दोष यंत्रभागात नसून सॉफ्टवेअरमध्ये असण्याची शक्यता अधिक.

पोर्टमध्ये वीज आहे पण माहिती नाही, की दोन्ही नाहीत, हेही ठरवावे. दिवा असलेला माउस लावून पाहिला की उत्तर मिळते. वाकड्या प्लगच्या पेन ड्राइव्हमुळे शॉर्ट सर्किट झाले, तर संरक्षक मंडल तो पोर्ट बंद करते, आणि लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तो परत जागा होतो. पूर्ण बंद करणे म्हणजे झाकण मिटणे नव्हे. चार्जर काढून, बॅटरी काढता येत असल्यास तीही काढून, पॉवरचे बटन अर्धा मिनिट दाबून धरावे. आतील नियंत्रकात अडकलेली चुकीची स्थिती यामुळे पुसली जाते. चार्जिंगच्या तक्रारीतही या उपायाला कधी कधी यश येते. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ या यादीतून यूएसबी नियंत्रकाची नोंद काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला तर ती नव्याने तयार होते. मात्र कळफलक व माउस त्याच नियंत्रकावर असतील तर मध्येच ते बंद पडतात, हे ध्यानात ठेवूनच ही कृती करावी. वीज वाचविण्यासाठी पोर्ट झोपवून ठेवण्याची सोयही तात्पुरती बंद करून पाहावी.

डिस्क लावल्यावर केवळ टिकटिक आवाज येतो आणि ती दिसत नाही, तेव्हा तिला वीज अपुरी पडत असते. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि ३.० चा ९०० मिलिअँपिअर देण्यास बांधलेला आहे. फिरती तबकडी असलेली डिस्क सुरू होताना याहून अधिक मागू शकते. स्वतःचा चार्जर असलेला हब मध्ये घातला की ती चालते. बिनतारी माउस अडखळत असेल आणि त्याचा छोटा ग्राहक वेगवान डिस्कच्या शेजारी असेल, तर तोही पोर्टचा दोष नव्हे. यूएसबी ३.० च्या संदेशांतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो. ग्राहक दुसऱ्या कडेच्या पोर्टमध्ये लावावा.

दुकानात जाताना

इतके करूनही दोष राहिला तर लॅपटॉप उघडावा लागतो. वॉरंटी चालू असेल तर तो कंपनीच्या केंद्रातच उघडू द्यावा. उघडण्यापूर्वी टचपॅड वर उचलला गेला आहे का, किंवा तळ फुगला आहे का, हे पाहावे. तसे असेल तर बॅटरी फुगली आहे. अशा यंत्राला चार्जर लावू नये व ते दाबूनही पाहू नये.

गोल प्लगचा सॉकेट पुष्कळ लॅपटॉपमध्ये छोट्या तारेने जोडलेला असतो आणि तो बदलणे सोपे असते. टाइप-सी पोर्ट बहुधा मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. अनेक थरांचा तो बोर्ड उष्णता शोषून घेतो, म्हणून साध्या सोल्डरिंग आयर्नने जोर लावून पोर्ट उपटला तर खालचे तांब्याचे ठिपके त्याच्याबरोबर निघून येतात. हे काम गरम हवेचे यंत्र आणि सूक्ष्मदर्शक असलेल्या कारागिराचे आहे. त्याच्यापाशी ‘पोर्ट बदला’ असे म्हणण्याऐवजी लक्षणे सांगावीत : मीटरवर ५ व्होल्टच राहतात, प्लग उलटा केल्यावर चालतो, डाव्या कडेचे दोन्ही बंद आहेत. मदरबोर्डच बदलावा लागेल असे उत्तर आले तर मदरबोर्डच्या कोणत्या भागात दोष आढळला हे विचारावे. नियंत्रक चिप ही एक सुटी वस्तू आहे, आणि पुष्कळदा तेवढीच बदलून यंत्र वाचते.

दुरुस्त होऊन आलेला पोर्ट दुकानातच तपासून घ्यावा. प्लग दोन्ही बाजूंनी लावून पाहावा, दोन्ही वेळा दाब २० व्होल्टपर्यंत चढतो का ते मीटरवर पाहावे, वेगवान डिस्कवर एखादी मोठी फाइल दोन्ही बाजूंनी उतरवावी, आणि बॅटरी निम्मी रिकामी असताना अर्धा तास चार्जिंग चालू ठेवून मग प्लगला बोट लावावे. तो कोमट असेल तर हरकत नाही. गरम असेल तर सोल्डर नीट बसलेले नाही.